घंटा न होणारी शाळा

आमच्या ऑफिसात कुणाला बाळ झालं की दुसऱ्या दिवशी पेढे येतात आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो, ‘कॉन्व्हेंटमध्ये कुणाची ओळख आहे का गं?’ आणि हा प्रश्न थेट माझ्याच डेस्कवर येतो. साहजिक आहे. आडनाव पोर्तुगीज, गाव वसई, म्हणजे हिची फादर-सिस्टरांशी सॉलिड सेटिंग असणारच! मी नुसतं हसते आणि पेढा तोंडात टाकते. आता त्यांना कसं सांगू, की माझ्या सख्ख्या बहिणीला चार मुलं आहेत, त्यातल्या दोघांना तिने चर्चच्या शाळेतून काढलं आणि उरलेल्या दोघांना घातलंच नाही!

‘म्हणजे घरीच बसवलीयत?’ हा प्रश्न ताईसमोर चुकूनही विचारायचा नाही. एकदा मी विचारला होता. ‘बसवली?’ ती म्हणाली. ‘एक दिवस येऊन बघ, कोण बसतंय ते!’

एक दिवस कसला, मी चांगली पाच महिने राहिले. झालं असं, की २०२५ च्या जानेवारीत माझ्या अंधेरीच्या पीजी-वाल्या आण्टीने फ्लॅट विकला आणि मी बॅग उचलून ‘पंधरा दिवसांसाठी’ ताईकडे वसईला आले. मुंबईत पंधरा दिवसांत नवी जागा मिळते असं मानणारी मी एकटीच नसेन, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

तर आता घर. वसई पश्चिमेला वाडीतलं जुनं घर, मागे विहीर, विहिरीपलीकडे केळी. घरात ताई, भावोजी, आमची आई आणि चार मुलं. नावं छापायची नाहीत अशी ताईची सक्त ताकीद आहे, म्हणून आपण त्यांना थोरली (वय तेरा), पंडित (दहा), चिमणी (सात) आणि शेंडेफळ (चार) म्हणू. त्यात मी आठवी. बाथरूम एक. पुढचं तुम्ही समजून घ्या.

माझी समजूत अशी, की होमस्कूलिंग म्हणजे आरामात उठायचं, पायजम्यात बसून अभ्यास करायचा आणि कंटाळा आला की कार्टून. पहिल्याच सकाळी तो फंडा क्लिअर झाला. साडेपाचला चर्चची घंटा झाली आणि घरात दिवे लागले. ताई अ‍ॅक्टिव्हावरून सकाळच्या मिस्साला जाऊन येताना पाव घेऊन आली. भावोजी डबा घेऊन फास्ट लोकलला पळाले. साडेसातला पंडित कोंबड्यांना दाणे घालत होता, चिमणी शेंडेफळाला दात घासायला लावत होती आणि थोरली चुलीसारख्या तापलेल्या तव्यावर माझ्यासाठी पोळा टाकत होती. साडेआठला सगळे ओटीवर. भिंतीला फळा, फळ्याखाली बाकडं. छोटीशी प्रार्थना, की पाठ सुरू.

‘पाठ’ म्हणजे काय? तर बालभारतीची पुस्तकं आहेत, ती नेटवर फुकट मिळतात. गणितासाठी लॅपटॉप आहे, पण तो एकच, म्हणून पाळी लावलेली. थोरली चिमणीला पाढे शिकवते, कारण ताईचं म्हणणं, शिकवल्याशिवाय आपल्याला काय येत नाही ते कळत नाही. पंडितला दुसऱ्याला शिकवायला आवडत नाही, त्याला फक्त वाद घालायला आवडतं. त्याचाही तासाभराचा पिरियड आहे म्हणा ना! आणि शेंडेफळ बाकड्याखाली बसून सगळ्यांचे खडू खातो.

बरोबर बारा वाजता पुन्हा चर्चची घंटा. जो जिथे असेल तिथे उभा. हातात कढई असो नाहीतर कंपास. एकदा मी वर्क फ्रॉम होम करत क्लायंटशी बोलत होते आणि सवयीने मीही उठून उभी राहिले. क्लायंटला वाटलं, मी त्याचा मुद्दा ऐकून उठून निघाले! त्याने घाईघाईने डेडलाइन दोन दिवस पुढे ढकलली. तेव्हापासून बाराच्या घंटेवर माझी विशेष श्रद्धा आहे.

संध्याकाळी सातच्या घंटेला रोजरी. माळेत दहा-दहा मण्यांचे गट असतात, प्रत्येक मूल एकेक गट चालवतं. शेंडेफळ मोजायला त्याच माळेवर शिकलाय. त्यामुळे तो अगदी स्पष्ट दहापर्यंत मोजतो आणि अकरा म्हणायच्या जागी ‘आमेन’ म्हणतो. एकदा माझा बॉस व्हिडिओ कॉलवर या क्वार्टरची टार्गेट्स वाचून दाखवत होता. एक, दोन, तीन... दहा टार्गेट्स झाली आणि माझ्या खुर्चीमागून खणखणीत आवाज आला, ‘आमेन!’ अकरावं टार्गेट त्या दिवशी बारगळलं ते बारगळलंच.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, वा, काय भन्नाट घर आहे! थांबा. आई काय म्हणते तेही ऐका.

आमची आई त्याच चर्चच्या शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होती. आमच्या वसईत ख्रिस्ती घर आणि घरात एक तरी बाई किंवा मास्तर, हे समीकरणच आहे. गावात चर्च, चर्चच्या बाजूला शाळा, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच शाळेतून शिकून कुणी बँकेत गेलं, कुणी जहाजावर. अशा गावात आईच्या पोटच्या पोरीने नातवंडांना शाळेतून काढायचं, म्हणजे हलवायाच्या घरात डाएट! शेजारणी रविवारी चर्चबाहेर आईलाच विचारायच्या, ‘बाई, शाळेत काही झालं का हो?’ आई उत्तर न देता छत्री उघडायची. उन्हाळ्यातसुद्धा.

‘पन्नास-पन्नास पोरांना शिकवून मी घरी येऊन स्वयंपाक करत होते,’ ती मला हळूच म्हणायची. ‘ही चौघांना शिकवताना एवढी दमते कशी?’

ताई दमायची हे मात्र खरं. शाळेतल्या बाईंना पाचला घंटा होते, हिला होत नाही. रात्री अकराला पाणी प्यायला उठावं तर ही वह्यांवर डोकं ठेवून झोपलेली. काही दिवस असे की पंडित गणितावरून रडतोय, चिमणी दाराला कडी लावून बसलीय, कुकरची चौथी शिट्टी झालीय आणि ताई विहिरीपाशी जाऊन एकटीच उभी आहे. आधी तिची चांगली नोकरी होती. आता एका पगारात आठ ताटं. सुट्टी टाकायला तिला एचआर नाही आणि ‘थकलेय’ असं सांगायला बॉसही नाही.

मग हे सगळं कशासाठी? सुरुवात २०२० च्या मार्चमध्ये झाली. थोरली तेव्हा दुसरीत. शाळा बंद झाल्या, ऑनलाइन सुरू झाल्या. तुम्हाला आठवतच असेल, मोबाइलच्या एवढ्याशा खिडकीत चाळीस पोरं आणि सगळी म्यूटवर. ताईच्या लक्षात आलं, की ही पोरगी आधी दिवसाला शंभर प्रश्न विचारायची, ती आता घरातसुद्धा म्यूट झालीय. शाळा पुन्हा नीट उघडल्या तेव्हा ताई म्हणाली, एक वर्ष घरीच शिकवू या. त्या एका वर्षाची तीन वर्षं झाली.

‘पण हे कायद्यात बसतं का?’ असं ऑफिसमधले पालक विचारतात. तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेखच नाही. ना हो, ना नाही. परीक्षेसाठी मात्र रस्ते आहेत. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. आपल्या राज्य बोर्डाचा तर बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा जगप्रसिद्ध सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

आणि धर्माचं म्हणाल, तर लोकांना वाटतं ताईने मुलांना देवभक्त करायला घरी ठेवलंय. अहो, देवभक्त करायला चर्चची शाळा काय वाईट होती? उलट ताईकडे धर्मातून इतिहास, इतिहासातून भूगोल आणि भूगोलातून पेट्रोलचा खर्च निघतो. फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियाचा सण असतो. हा आपल्या वसईत जन्मलेला, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. चिमणीने नकाशावर वसईपासून नागासाकीपर्यंत लोकर ताणली आणि वाटेत येणारे सगळे समुद्र पाठ केले.

थोरलीचा प्रोजेक्ट तर कमाल होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण किल्ल्यातल्या चर्चच्या घंटांचं पुढे काय झालं, हे कुणी शिकवलं? त्या घंटा मराठे घेऊन गेले आणि देवळांत बांधल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक. भावोजींनी गाडी काढली आणि कुटुंबाने तीन दिवसांत तिन्ही घंटा बघितल्या. थोरलीने त्यांची चित्रं काढली, टोल ऐकून वहीत लिहिले. खाली एक वाक्य होतं, ‘जागा बदलली तरी घंटा वाजते.’ मी म्हटलं, काय सही लिहिलंयस! ती नुसतीच हसली.

त्याच रात्री गच्चीवर ती मला म्हणाली, ‘मावशी, एक विचारू? शाळेत मधल्या सुट्टीत काय करतात?’

मी म्हटलं, ‘डबा खातात. आणि टाइमपास.’

‘टाइमपास म्हणजे काय काय?’

मी सांगत गेले. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी पळवणं. नळावर रांग. कोण कुणाशी बोलत नाही, कोण कुणाला चिठ्ठी देतंय. बेस्ट फ्रेण्डशी कट्टी आणि घंटा व्हायच्या आत बट्टी. ती असं ऐकत होती, जसे आपण परदेशातून परतलेल्या माणसाचे किस्से ऐकतो. आमच्या घरातून शाळेची घंटा रोज ऐकू येते. पाच वर्षं तिने ती ऐकली होती. मी ताईला काही बोलले नाही. खरं सांगू, माझी हिंमत झाली नाही.

आणि मग एप्रिल आला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आई रडली. ताईने दुसऱ्या दिवसापासून ओटीवर नवा विषय लावला, पोप कसा निवडतात? पुढचे दोन-तीन आठवडे घरात दुसरं काही नव्हतं. मतदानाला १३३ कार्डिनल, निवडून यायला दोन तृतीयांश मतं. पंडितने हिशेब केला, ८८ पूर्णांक दोन तृतीयांश. ‘दोन तृतीयांश कार्डिनल कुठून आणणार? म्हणजे ८९!’ टीव्हीवरही तोच आकडा सांगितला, तेव्हा तो दिवसभर कॉलर ताठ करून फिरला. आठ मेच्या रात्री साडेनऊ वाजून गेले तेव्हा टीव्हीवर पांढरा धूर दिसला आणि आमच्या वाडीत शेंडेफळ ‘धूर! धूर!’ करत कोंबड्या उठवत सुटला. पोप लिओ चौदावे निवडून आले.

त्या शनिवारी पंडितने जाहीर केलं, घरातसुद्धा निवडणूक घ्यायची. प्रश्न, जूनपासून नवीन काय शिकायचं? गुप्त मतदान, आठ मतदार, सहा मतं हवीत. मोजायला भावोजी. काळ्या धुरासाठी चुलीत ओला पाला तयार.

भावोजींनी चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. ‘खगोलशास्त्र.’ हे पंडितचं. ‘केक.’ चिमणी. एका चिठ्ठीवर नुसत्या रेघोट्या, म्हणजे शेंडेफळ. ‘शिवण.’ ही आई. पाचवी चिठ्ठी त्यांनी उघडली आणि थांबले. मग हळू आवाजात वाचली.

‘शाळा.’

कुणी काही बोललं नाही. अक्षर ओळखायला गुप्तहेर लागत नव्हता. आई खाली बघत होती. थोरली विहिरीकडे. पंडित मात्र नियमाचा पक्का, ‘एकच मत! सहा नाहीत! काळा धूर!’ असं म्हणून त्याने सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि चुलीत घातल्या. सगळ्या म्हणजे सात. एक ताईच्या मुठीत राहिली होती.

रात्री ताई ओटीवर आली. फळ्यावर १३३ चा हिशेब तसाच होता.

‘मी कुठे कमी पडले गं?’

आता बोलायलाच हवं होतं. मी गच्चीवरची गोष्ट सांगितली. मधल्या सुट्टीची.

‘मधली सुट्टी?’ ती म्हणाली. ‘एवढ्यासाठी?’

‘ताई, तू तिला सगळं शिकवशील. पण तेरा वर्षांच्या चाळीस पोरी कुठून आणशील?’

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्यूट झाली म्हणून हिला घरी आणलं होतं. आता बोललीय, तर ऐकायला नको?’ आणि मग रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले. दुसरं काय करणार?

सोमवारी सकाळी आई कडक इस्त्रीची साडी नेसून तयार. हातात छत्री आणि थोरलीच्या वह्यांची फाइल. ‘आठवीपर्यंत कायदा वयानुसार वर्गात बसवा म्हणतो,’ ती म्हणाली. ‘नववीला कटकट. गेली तर आत्ताच गेली पाहिजे.’ मी नेटवर बघितलेलं ज्ञान पाजळलं, की सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागूच होत नाही. आईने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा चौथीत गेले. ‘कायदा नसेल लागू. मी आहे ना!’

ताईच्या मनात धाकधूक होती. ज्या सिस्टरांकडून तीन वर्षांपूर्वी दाखला काढून आणला, त्यांच्याच समोर जायचं! पण त्यांनी एक शब्द टोमणा मारला नाही. थोरलीला कागद दिला आणि सांगितलं, तुला हव्या त्या विषयावर लिही. तिने घंटांवर चार पानं लिहिली. गणितात पास. हिंदीत साफ गचकली. ‘हिंदी बघून घेऊ,’ सिस्टर म्हणाल्या, मग आईकडे वळून, ‘बाई, तुम्ही घ्याल ना हिची हिंदी?’ आईने छत्री उघडली नाही. चक्क हसली.

मला जूनच्या पहिल्या आठवड्यात अंधेरीला नवी खोली मिळाली. पण १६ जूनला, शाळेच्या पहिल्या दिवशी, मी सुट्टी टाकून वसईला गेले. थोरली युनिफॉर्ममध्ये, रेनकोट, नवं दप्तर, चेहरा पांढराफटक. आई तिच्या बरोबर चालत गेली. ताई फाटकापर्यंतच. नंतर ओटीवर येऊन तिने रोजच्यासारखं फळा पुसला. पंडित, चिमणी, शेंडेफळ बाकड्यावर. बाकडं एका बाजूने रिकामं. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. ताईचा हात फळ्यावर तसाच राहिला. ‘दीदीची घंटा!’ शेंडेफळ म्हणाला. ‘हो, दीदीची,’ ताई म्हणाली आणि तारीख लिहिली.

संध्याकाळी आम्ही सगळे फाटकापाशी उभे, जणू थोरली चंद्रावरून उतरणार आहे. ती आली, चिखलाने भरलेली. दप्तर टाकलं आणि थेट माझ्याकडे वळली. भयंकर चिडली होती.

‘मावशी, तू मला सांगितलंच नाहीस!’

‘काय?’

‘मधली सुट्टी किती छोटी असते! माझं अर्धं बोलणंसुद्धा झालं नाही!’

ताई हसत सुटली. खूप दिवसांनी तिला इतकं हसताना पाहिलं.

आता थोरलीचं सगळं छान चाललंय असं सांगून मी तुम्हाला गंडवणार नाही. वर्गात प्रश्न विचारले की पोरी हसतात, अशी तिची तक्रार आहे. हिंदीची बोंब आहे. पण दोन मैत्रिणी झाल्यात आणि त्यातल्या एकीशी कट्टीही झालीय, म्हणजे गाडी रुळावर आहे. पंडितला विचारलं, तुला जायचंय? तो म्हणाला, ‘मी पागल आहे का?’ त्याचंही ऐकलं गेलंय. चिमणीचं अजून ठरत नाही.

आणि मी? परवा ऑफिसात पुन्हा पेढे आले. तिसऱ्या दिवशी एक नवा बाबा माझ्या डेस्कवर आला, ‘कॉन्व्हेंटमध्ये ओळख आहे का गं?’ मी म्हटलं, ‘आहे. पण आधी पोराला बोलायला तर येऊ दे! त्यालाच विचार.’ त्याला वाटलं मी जोक करतेय.

असो. दुपारचा एक वाजलाय. आमच्याकडे घंटा होत नाही, पण मी लॅपटॉप बंद करतेय. कॅण्टीनमध्ये कुणाच्या तरी डब्यात कोळंबी आहे, असं कळलंय.